घरात एक रायटर हवा

संगणकाच्या पेटीतून डीव्हीडी रायटर हद्दपार झाला आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. २००८ साली अ‍ॅपलने तबकडीची खाचच नसलेला 'मॅकबुक एअर' आणला तेव्हा त्याची थोडीफार कुचेष्टाही झाली होती. पुढच्या दहाएक वर्षांत बाकीचे सारे निमूटपणे त्याच वाटेने गेले. आज घरी संगणक जोडून घ्यायचा म्हटले तर बहुतेक नव्या कॅबिनेटांना सवापाच इंची खणच नसतो. त्या जागी काच असते आणि काचेआड रंगीत दिव्यांचे पंखे फिरत असतात. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर रायटर मागितला, की विक्रेता आधी आपल्याकडे पाहतो, मग आपल्या पिकू लागलेल्या केसांकडे पाहतो, आणि विचारतो, "सर, आता कोण सीडी मारतं?"

विक्रेत्याला आम्ही दोष देत नाही. जे खपते ते ठेवणे हा त्याचा धर्म आहे. पण हाच प्रश्न मराठीचे प्राध्यापक, संशोधक आणि ग्रंथालयांचे चालक विचारू लागतात, आणि तोही पुढारलेपणाच्या थाटात, तेव्हा वाद घालणे भाग पडते. आमचे म्हणणे असे की ज्या घरात जगात दुसरीकडे कोठेही नसलेला मजकूर, आवाज वा चित्र आहे, त्या घराच्या संगणकाला रायटर असलाच पाहिजे. आजीच्या ओव्यांची कॅसेट, वडिलांच्या अप्रकाशित लेखांची टंकलिखिते, गावच्या जत्रेतल्या वगाचे चित्रीकरण, यांतले काहीही असो. शिवाय तो रायटर आपण वीस वर्षांपूर्वी ज्या निकषांवर निवडत होतो, ते निकष टाकून देऊन निवडला पाहिजे.

'रायटर' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी मुलखात ज्याला 'बर्नर' म्हणतात त्याला आपल्याकडे दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे 'रायटर' म्हणत आले. तिकडे तो जाळतो, आपल्याकडे तो लिहितो. सर्वांत लोकप्रिय सॉफ्टवेअरचे नावच 'नीरो बर्निंग रॉम' होते, आणि त्याच्या चिन्हात रोमचे कलोसियम पेटलेले दाखवले होते. ही कोटी आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. आपण 'नीरो' उघडून लग्नाच्या सीड्या मारत राहिलो. असो.

त्या दिवसांत रायटर निवडला जाई तो पेटीवरच्या आकड्यावरून. बावन्न एक्स हा चोवीस एक्सपेक्षा श्रेष्ठ, हे गृहीतच होते. या 'एक्स'चा अर्थ किती जणांनी विचारला असेल? सीडीच्या बाबतीत एक एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १५० केबी, डीव्हीडीच्या बाबतीत सुमारे १,३८५ केबी आणि ब्लू-रेच्या बाबतीत सुमारे साडेचार एमबी. म्हणजे एका पेटीवरचा सोळा आणि दुसरीवरचा बावन्न यांची तुलनाच होत नाही. शिवाय पेटीवर छापलेला वेग हा तबकडीच्या बाहेरच्या कडेशी गाठला जाणारा वेग असतो. लेखन मात्र आतून बाहेर जाते, आणि आतल्या वर्तुळात तो वेग निम्म्याहूनही कमी भरतो. घाई हवी होती कशासाठी? पूर्ण भरलेली ४.७ जीबीची डीव्हीडी चार एक्सने लिहायला पाऊण तासही लागत नाही, अर्धाही लागत नाही. चौदा-पंधरा मिनिटे लागतात. आयुष्यभराचा आवाज साठवायला पंधरा मिनिटे फार वाटावीत, ही मानसिकता बाजाराने घडवली आणि आपण ती मुकाट्याने अंगीकारली.

कोऱ्या तबकड्यांचेही तेच झाले. पन्नासांचा डबा घ्यायचा, स्वस्तातला घ्यायचा, आणि त्या कोणी आणि कशाच्या बनवल्या हे पाहायचे नाही. २००७ च्या सुमारास 'मोझर बेअर'ने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा तबकडी ही वस्तू भाजीबाजाराच्या पातळीवर उतरली. त्याने प्रेक्षकांचे भले झाले हे नाकारण्याचे कारण नाही. पण तबकडी ही फेकायची वस्तू आहे ही समजूतही तेव्हाच पक्की झाली. जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली गेलेली ही भारतीय कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. तोवर घरोघरच्या कपाटांत तिच्या तबकड्या धूळ खात पडल्याच होत्या.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. 'सीडी टिकत नाही. आमच्याकडच्या २००४ सालच्या दहांतल्या सहा उघडत नाहीत.' हे आम्ही पुष्कळदा ऐकतो आणि ते खरेही असते. पण त्या का उघडत नाहीत? लिहिता येणाऱ्या सीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसर त्यावर खुणा उमटवतो. त्या थरावर परावर्तक धातू आणि धातूवर नुसता लाखेचा पातळ लेप. म्हणजे आपण ज्या बाजूला निर्धास्तपणे हात लावतो, ज्या बाजूवर बॉलपेनने 'ताईचे लग्न, भाग २' असे दाबून लिहितो, ज्या बाजूला गोंदाचे लेबल चिकटवतो, तीच खरी नाजूक बाजू. चमकणाऱ्या बाजूला निदान सव्वा मिलिमीटरच्या आसपास पॉलिकार्बोनेटचे चिलखत असते. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये येतो, म्हणून ती या बाबतीत अधिक सुरक्षित. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००३ सालीच या साऱ्याविषयी ग्रंथपालांसाठी मार्गदर्शिका काढली होती: तबकडी उभी ठेवा, लेबल चिकटवू नका, लिहायचेच तर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा, उन्हापासून दूर ठेवा. आपण यांतले काय पाळले? गच्चीखालच्या माळ्यावर, मेमधल्या उन्हाळ्यात, प्लॅस्टिकच्या चिकट पाकिटांत एकावर एक रचलेल्या तबकड्या मेल्या, यात तबकडीचा गुन्हा किती आणि आपला किती?

लिहून झाल्यावर पडताळणी करणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सॉफ्टवेअरात 'व्हेरिफाय'ची चौकट असे. ती वेळ वाचावा म्हणून रिकामी सोडली जाई. अनेक तबकड्या लिहिल्या त्याच दिवशी अर्धमेल्या होत्या, कळले एवढेच पंधरा वर्षांनी.

या निष्काळजीपणाचा संस्थात्मक नमुना पाहायचा असेल तर शोधप्रबंधांकडे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत आयोगाकडे देणे विद्यापीठांना बंधनकारक केले. हेतू उत्तम होता, आणि 'शोधगंगा'सारखा मोलाचा संग्रह उभा राहण्यात त्याचा वाटा आहे. परंतु खाली महाविद्यालयांत त्याचे रूपांतर झाले ते 'बांधणीच्या मागच्या पुठ्ठ्याला खिसा, खिशात सीडी' अशा विधीत. आमच्या माहितीतल्या एका ग्रंथालयात असे प्रबंध ओळीने उभे आहेत. त्यांतल्या काही तबकड्या कोऱ्या आहेत. काहींवर प्रबंधाऐवजी प्रबंधाकडे बोट दाखवणारी शॉर्टकटची फाइल तेवढी आहे. जमा करून घेताना कोणी त्या उघडून पाहिल्या नाहीत. 'सीडी जोडली आहे' या रकान्यात खूण झाली, की ज्ञान जतन झाले! याला तंत्रज्ञानाचे अपयश म्हणण्याचा निलाजरेपणा तरी करू नये.

जी तबकडी उघडते तिचीही कथा संपत नाही. आत 'श्रीलिपी'त, 'आकृती'त वा सी-डॅकच्या एखाद्या टंकात टाइप केलेला मजकूर असतो. तो टंक आजच्या संगणकावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडतो. देवनागरीला युनिकोडात स्थान १९९१ पासून होते, विंडोज २००० पासून ते घरच्या संगणकांवर वापरता येत होते. पण मराठी छपाईचा धंदा पेजमेकरला आणि जुन्या टंकांना चिकटून राहिला, आणि आम्हा अध्यापकमंडळींपैकी बहुसंख्य डीटीपीवाल्याच्या हवाली होते. महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण येथे कोणा मराठीच्या विद्यार्थ्याला होणार नाही? पोथ्या मठांतून शतकानुशतके जपल्या गेल्या, पण विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उकलेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला त्या असून नसल्यासारख्या होत्या. फरक एवढाच की सकळ लिपी मजकूर झाकण्यासाठी हेतुपूर्वक वापरली होती, आणि आपण आपला मजकूर आळसाने झाकला. म्हणून रायटर घेण्याआधी मजकूर युनिकोडात आणणे, आणि ते जमत नसेल तर जुन्या फाइलीसोबत पीडीएफ ठेवणे, हे या वादात आम्ही गृहीत धरतो. युनिकोडातले मराठी अक्षर साधारण तीन बाइट जागा घेते. तीनशे पानांची कादंबरी दोन एमबीच्या आतबाहेर बसते. एका सातशे एमबीच्या सीडीवर कित्येक लेखकांची समग्र वाङ्मये मावतील. जागा नाही ही सबब साहित्याला लागू होत नाही.

'मग क्लाउडवर ठेवा ना!' हा दुसरा मुद्दा. मुद्दा कसला, मंत्रच तो. ज्यांना आंतरजालावरची मराठी पहिल्यापासून आठवते त्यांनी तरी तो जपू नये. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी याहू ३६० गेले, ज्यावर कितीतरी मराठी मंडळींनी आपली पहिली अनुदिनी लिहिली होती. ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. याहू ग्रुप्सवरचा जुना पत्रव्यवहार आणि संग्रह २०१९ च्या अखेरीस पुसायला घेतला गेला, आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच आटोपली. गूगलने २०२३ साली जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासकट काढून टाकली जातील. म्हणजे माणूस गेला, त्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, की दोन वर्षांनी त्याचे लेखनही जाऊ शकते. कंपन्यांनी फसवले असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी नोटिसा दिल्या होत्या. आमचे म्हणणे एवढेच, की दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहणाऱ्याने त्याला आपले घर म्हणू नये.

हार्ड डिस्क घ्यावी, जरूर घ्यावी. आमचा तिला विरोध नाही. पण हार्ड डिस्कवर लिहिलेले पुसता येते, बदलता येते, चुकून त्यावर दुसरे लिहिता येते, आणि खंडणीखोर विषाणू शिरला तर एका रात्रीत सारे कुलूपबंद होते. एकदाच लिहिता येणारी तबकडी या सगळ्याला दाद देत नाही. तिच्यावर जे उमटले ते उमटले. तिची हीच मर्यादा म्हणून हेटाळणी होते, आणि आमच्या मते तोच तिचा गुण आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राविषयी, गौतमीपुत्र सातकर्णीविषयी, जे कोरवून ठेवले ते तिच्या नंतर कोणा संपादकाला 'अद्ययावत' करता आले नाही, ही काय लहान गोष्ट आहे?

नाशिकच्या माणसाने तर जतनाच्या बाबतीत अधिक हळवे असायला हवे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१८ पासून त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे काम नाशकात चालले, १९४४ साली त्यांचे निधन येथेच झाले. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज उरली आहेत. तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीतली असावीत असे काही अभ्यासक मानतात. बाकीच्या चित्रपटांतले बहुतेक सारे गेले. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते, आणि जुनी झाल्यावर तिच्यातली चांदी काढून घेण्याजोगी असते. मुख्य म्हणजे प्रती थोड्या होत्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट रिळांचा मोठा साठा भस्म झाला. एका छपराखाली सगळे ठेवले की असे होते. मग ते छप्पर सरकारी असो, की परदेशातल्या एखाद्या कंपनीचे.

याच जिल्ह्यातल्या मालेगावचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि तो पाहिला गेला व्हिडिओ पार्लरांत. तिथल्या या हौशी चित्रपटसृष्टीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२४ मध्ये तर त्यावर हिंदी चित्रपटही आला. आमच्या साहित्यवर्तुळाला त्या चित्रपटांचे सोयरसुतक कधी नव्हते. पण स्वस्त यंत्रांवर, स्वस्त प्रतींवर एक आख्खी बोली, तिचे विनोद आणि यंत्रमागांच्या गावाचे चेहरे टिपले गेले. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, आजच्या डोळ्यांना ते धुरकट दिसेल. तरी ते आहे. फाळक्यांच्या कितीतरी चित्रपटांची अशी धुरकट प्रत मिळाली असती तर आपण ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो. घरच्या रायटरकडे मात्र राज्यकर्त्यांनी चोराच्या हत्यारासारखे पाहिले. महाराष्ट्रातल्या झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात २००९ साली 'व्हिडिओ पायरेट' हा वर्गही घातला गेला. चोरट्या सीड्यांचा धंदा होता हे खरेच. पण त्या बदनामीच्या छायेत घरातल्या प्रामाणिक प्रतिलेखनाची प्रतिष्ठाही गेली.

तर रायटर कोणता घ्यावा? टेबलावरचा संगणक असेल आणि पेटीला खण असेल, तर पूर्ण उंचीचा, साटा जोडणीचा, आत बसवायचा रायटर घ्यावा. खण नसेल तर तोच रायटर स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या बाहेरच्या डबीत घालून यूएसबीने जोडता येतो. बाजारात सहज मिळतो तो पातळ, लॅपटॉपच्या जातीचा, एकाच यूएसबी केबलवर चालणारा रायटर. तो वाईट नाही. पण जुन्या यूएसबी खाचेतून मिळणारी वीज मोटर आणि लेसर दोघांना पुरवताना त्याची दमछाक होते, आणि लेखन अर्धवट तुटते. तोच घ्यायचा झाला तर संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत थेट जोडावा. चार तोंडांच्या स्वस्त हबमधून नव्हे.

ऐपत असेल तर डीव्हीडीवर थांबू नये, ब्लू-रे रायटर घ्यावा. कारण क्षमता नव्हे, जरी ती पंचवीस जीबी असते. कारण तबकडीचे द्रव्य. नेहमीच्या ब्लू-रे तबकडीत सेंद्रिय रंगाऐवजी अकार्बनी थर असतो आणि तो उजेडाने विटत नाही. यातही 'एलटीएच' नावाची स्वस्त जात आहे, तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगच असतो, ती टाळावी. हजार वर्षे टिकेल असा दावा करणारी 'एम-डिस्क'ही मिळते. ती काढणारी अमेरिकन कंपनी स्वतः २०१६ साली दिवाळखोरीत गेली, हे त्या हजार वर्षांचा विचार करताना आठवावे. तबकडी मात्र चांगली आहे. डीव्हीडी आकारातली एम-डिस्क लिहायला रायटर तशा क्षमतेचा लागतो, हे पेटीवरचे चिन्ह पाहून ठरवावे. वेग मधला निवडावा. 'जितके सावकाश तितके चांगले' ही जुन्या जाणत्यांची समजूतही आंधळीच आहे. तबकडी ज्या वेगांसाठी घडवलेली असते त्यांच्या मधल्या पट्टीत लेखन सर्वांत नेटके उमटते. सत्र बंद करावे, पडताळणी करावी. आणि ती तबकडी दुसऱ्याच कोणाच्या संगणकावर उघडून पाहावी, कारण लिहिणाऱ्या यंत्राला आपलेच अक्षर वाचता येणे यात नवल नाही.

विलंब मात्र परवडणार नाही. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. 'उद्या वाचणारे यंत्रच नसेल' या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच एक नव्हे, दोन रायटर घेऊन ठेवावेत असे आम्ही म्हणतो. दहा-पंधरा वर्षांनी त्या दिवसांतल्या साधनावर पुन्हा नक्कल करावी लागेल. पोथ्यांची नक्कल करणारे हेच करत आले. त्यांनी कधी कागद अमर असल्याचा दावा केला नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. त्याआधी कोणीतरी त्या कागदावरून आणि फितींवरून धीराने संगणकात उतरवल्या होत्या, म्हणून.

आणि चार-पाच जीबीत काय मावते म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी हिशेब: सीडीच्या दर्जाचा, न आवळलेला आवाज मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी घेतो, म्हणजे एका डीव्हीडीवर सात तासांहून थोडा अधिक. एमपीथ्री केला तर ऐंशी तास. एवढ्यात एका बाईच्या साऱ्या ओव्या, तिच्या खोकल्यासकट आणि मागच्या गाईच्या घंटेसकट, बसतात. फोनमधली वीस हजार छायाचित्रे बसणार नाहीत हे खरे. त्यांतली दोनशे निवडावी लागतील. निवड करायला लागणे ही शिक्षा आहे असे मराठीच्या प्राध्यापकाने तरी म्हणू नये. आपण जन्मभर संपादनाचेच धडे देत आलो.

प्रती किमान दोन काढाव्यात आणि त्या एका घरात ठेवू नयेत. २००८ आणि २०१६ च्या पुरांत गोदावरीने दुतोंड्या मारुतीच्या अंगावर कोठवर मजल मारली होती ते पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. एक प्रत नदीकाठच्या घरात असेल तर दुसरी नाशिकरोडला मावशीकडे असावी. तबकडीवरच्या फाइलींची नावे रोमनमध्ये आणि आखूड द्यावीत, कारण जुन्या मानकांवर चालणारी यंत्रे देवनागरी नावांवर अडखळतात. जुन्या टंकातला मजकूर तसाच ठेवत असाल तर, परवान्यात बसत असेल तेथवर, त्या टंकाची फाइलही त्याच तबकडीवर घालावी. आणि एक साधी मजकूर-फाइल, जिच्यात कोण बोलते आहे, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, आणि ध्वनिमुद्रण कोणी केले, हे चार ओळींत लिहिलेले असेल.